छंदघर : जर-तरचं लढाऊ विमान

दोस्तांनो, या वेळच्या टपालात वाशिम जिल्ह्यातून एक पत्र आलंय. रिसोडच्या बाजूला एका गावात राहणारा, आठवीत शिकणारा तो मित्र म्हणतो, मला दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान करायचंय. पण ते इंग्रजांचं नको, अमेरिकेचं नको, जपानचं तर नकोच. आपलं हवं. आपल्याकडे तेव्हा विमानं बनत नव्हती, हे मला ठाऊक आहे. मग "बनली असती तर" असं धरून केलं तर चालेल का? आणि आमच्याकडे मॉडेलचं किट मिळत नाही, तर काय करू?

चालेल का म्हणजे काय, पळेल! जगभरच्या मॉडेलवाल्यांमध्ये हा एक मोठा पंथच आहे. त्याला ते 'व्हॉट-इफ' म्हणतात, आपण जर-तर म्हणू. जे विमान प्रत्यक्षात झालं नाही, किंवा झालं पण वेगळ्याच देशाच्या रंगात उडालं, त्याचं मॉडेल करायचं. मात्र यात एक मेख आहे. मनाला येईल तसं रंगवलं तर ते नुसतं खेळणं होतं. जर-तरला नियम लागतो. खऱ्या इतिहासातली एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं आणि मग त्या एका बदलामुळे काय काय हललं असतं, ते शोधायचं.

उदाहरण वाशिमचंच घ्या ना. इंग्रजी अमलात वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला आणि पुन्हा स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडला. आता म्हणा, "१९०५ साली जिल्हा मोडलाच नसता तर?" झाला की जर-तर सुरू! कचेऱ्या कुठे राहिल्या असत्या, कोर्टाच्या तारखेला माणसं अकोल्याला गेली असती का? एक वीट काढली की कुठल्या कुठल्या भिंती हलतात ते बघायचं. पण त्याच दमात "वाशिमला समुद्र असता तर" असं म्हणायचं नाही. तो जर-तर नव्हे, ती थाप.

आता आपल्या मित्राच्या पत्रातली एक गोष्ट मात्र दुरुस्त करायला हवी. "आपल्याकडे तेव्हा विमानं बनत नव्हती" असं तो म्हणतो. अहो, बनत होती! निदान बनायला लागली होती. आणि त्यामागे होता आपल्या सोलापूरचा माणूस.

वालचंद हिराचंद यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नसेल तर रावळगावची चॉकलेटं तरी खाल्ली असतील. तो रावळगावचा कारखाना त्यांचाच. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या गृहस्थांना एकच खोड होती. इंग्रज सरकार ज्या धंद्याला "हे तुम्हा हिंदी लोकांचं काम नव्हे" म्हणेल, नेमका तोच धंदा हे काढायचे. १९१९ साली सिंदिया ही जहाज कंपनी काढली, पुढे विशाखापट्टणमला जहाजं बांधायची गोदी उभी केली, १९४४ मध्ये मोटारी बनवायची प्रीमियर कंपनी. आणि या सगळ्याच्या मध्ये विमानं!

१९३९ साली प्रवासात त्यांची विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी ओळख झाली. हा पॉली चीनला विमानं पुरवणारा. वालचंदांच्या डोक्यात चक्र फिरलं, आपल्याकडेच विमानाचा कारखाना का नको? महायुद्ध सुरू झालं होतं, विमानं तर सगळ्यांनाच हवी होती. तरी इंग्रज सरकारने होकार द्यायला खूप वेळ घेतला. शेवटी म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिलं आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' ही कंपनी उभी राहिली. नाशिकजवळ ओझरला जो विमानांचा कारखाना आहे ना, तो ज्या एचएएल कंपनीचा, तिचं मूळ हेच.

या कारखान्यात आणखी एक मराठी माणूस होता. डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेले. त्यांनी १९४१ मध्ये दहा माणसांचं एक ग्लायडर तयार केलं. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं ते पहिलं उडतं यान. पुढे स्वातंत्र्यानंतर, ऑगस्ट १९५१ मध्ये, त्यांनीच आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान आकाशात गेलं.

पण आपल्याला हवंय लढाऊ विमान. तेही या कारखान्यात होतं. पहिली ऑर्डर होती चीनसाठी. आधी 'हार्लो' नावाचं शिकाऊ विमान, मग 'कर्टिस हॉक' हे लढाऊ विमान. आराखडा अमेरिकेचा, इंजिनही अमेरिकेहून जहाजाने यायचं. जोडणी मात्र बंगळुरात, आपल्या कारागिरांच्या हातांनी. पहिलं हार्लो ऑगस्ट १९४१ मध्ये उडालं आणि ३१ जुलै १९४२ रोजी पहिल्या हॉकने बंगळुरावर घिरट्या घातल्या. मग? मग जवळजवळ काहीच नाही! जपान दाराशी येऊन ठेपला होता. सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला, पुढे १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाईदलाच्या कामाला जुंपला. नवी विमानं बांधण्याऐवजी मोडकी दुरुस्त करणं हेच मुख्य काम झालं. बंगळुरी हॉक हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच झाली.

आता बदलायची गोष्ट कोणती ते सांगा बघू? बरोबर! सरकारचा होकार. तो एक वर्ष आधी आला असता तर?

चला, हिशेब मांडू. कंपनी डिसेंबर १९४० ऐवजी डिसेंबर १९३९ मध्ये निघाली. म्हणजे पहिलं हॉक जुलै १९४२ ऐवजी जुलै १९४१ मध्ये उडालं. अजून जपान युद्धात उतरलेला नाही, त्यामुळे अमेरिकेहून इंजिनं येताहेत. फेब्रुवारी १९४२ पर्यंत डझनभर हॉक तयार. ती कुणाला मिळतील? तर भारतीय हवाईदलाच्या पहिल्या तुकडीला, म्हणजे नंबर १ स्क्वाड्रनला.

खऱ्या इतिहासात त्या महिन्यात ही तुकडी ब्रह्मदेशात टौंगू इथे होती. प्रमुख होते के. के. मजुमदार, सगळे त्यांना 'जंबो' म्हणत. त्यांच्याकडे विमानं होती 'लायसँडर'. ही दोन माणसांची, वर पंख असलेली, चाकं कायम बाहेर लोंबणारी, ताशी जेमतेम ३४० किलोमीटर वेगाची विमानं. ती शत्रूवर टेहळणी करायला बनवलेली, झुंजायला नव्हेच. आपल्या लोकांनी त्या बिचाऱ्या लायसँडरलाच बॉम्ब टांगले आणि थायलंडच्या हद्दीतल्या जपानी विमानतळावर हल्ला केला! या मोहिमेतल्या कामगिरीबद्दल मजुमदारांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. विचार करा, याच माणसांच्या हाती ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास पळणारं, सहा मशीनगनांचं हॉक असतं तर?

इथे बरेच जण वाहवत जातात बरं का. लगेच जपानचा पराभव, रंगून वाचलं, वगैरे. छे! ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं, ते बारा विमानांनी वाचलं नसतं. हॉकचा आराखडा १९३५ सालचा, तोवर जुना झालेला. इंग्रजांच्या हवाईदलाने हीच विमानं 'मोहॉक' नावाने आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ अखेरीपर्यंत वापरली. ती चिवटपणे लढली, पण युद्धाचं पारडं त्यांनी फिरवलं असं कुणी म्हणत नाही. फार तर आपल्या तुकडीतली काही माणसं जास्त सुरक्षित परत आली असती. मला विचाराल तर जर-तरचं उत्तर एवढंसं निघालं, तर ते खरं निघालं असं समजावं.

हं, आता हात चालवू या. किट मिळत नाही म्हणून रडायचं नाही. वाशिमकडे ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या कोण करतं? तुम्हीच की! साल सोलायची, आतला पांढरा गाभा तुकडे करून घ्यायचा, बाभळीच्या काट्याने जोडायचा. तीच विद्या इथे लागणार. (हल्ली सोयाबीनमुळे ज्वारीचा पेरा कमी झालाय, तेव्हा धांडे आधीच राखून ठेवा, नाहीतर बैल खाऊन टाकतील.)

प्रमाण घ्या १ : ४०. का सांगू? खऱ्या विमानाचा १ मीटर म्हणजे मॉडेलवर अडीच सेंटीमीटर, गणित सोपं. हॉकच्या पंखांचा पसारा ११.३८ मीटर, म्हणजे तुमच्याकडे साडेअठ्ठावीस सेंटीमीटर. लांबी ८.७ मीटर, म्हणजे पावणेबावीस. अख्खं विमान तुमच्या कंपासपेटीशेजारच्या ३० सेंटीमीटरच्या पट्टीत बसलं.

धड असं करा. धांड्याचा शेंड्याकडचा, पेन्सिलीएवढा सरळ तुकडा हा कणा. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या सहा चकत्या कापा. नाकाकडच्या दोन ३.८ सेंटीमीटरच्या, मग ३.५, २.८, २ आणि शेपटीशी दीड. मधल्या चकत्या अगदी गोल नकोत, किंचित उभट ठेवा, कारण वैमानिकाच्या जागेशी विमान रुंदीपेक्षा उंच होतं. मध्ये भोकं पाडून त्या कण्यात चार-चार सेंटीमीटरवर ओवा, मडक्याच्या उतरंडीसारख्या. वरून वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या खळीने चिकटवायच्या, तीन थर. प्रत्येक थर पुरता वाळू द्या. घाई केलीत तर विमानाला सुरकुत्या पडतील आणि ते १९४२ ऐवजी १८५७ सालचं दिसेल! खळ गव्हाच्या पिठाची, रोज ताजी करा. बुकबाइंडर तिच्यात मोरचूद टाकतात, ते विष आहे. आपण टाकायचं नाही.

इंजिनाला मात्र वेळ द्या, हॉकचा सगळा चेहरा तिथेच आहे. अमेरिकेच्या स्वतःच्या हवाईदलाच्या हॉकला चौदा सिलिंडरचं इंजिन असे. चीनसाठी निघालेल्या, म्हणजे आपल्या बंगळुरी जातीला 'सायक्लोन' हे नऊ सिलिंडरचं. नऊ सिलिंडर चांदणीसारखे गोलात, आणि ३६० भागिले ९ म्हणजे ४०. कोनमापकाने दर ४० अंशांवर खूण करा. गूल काढलेल्या आगकाडीचे नऊ तुकडे घ्या आणि प्रत्येकावर काळा दोरा अगदी शेजारी-शेजारी गुंडाळा. सिलिंडर हवेने गार व्हावा म्हणून त्यावर पत्र्याच्या पातळ चकत्या असतात, दोरा हुबेहूब तशा दिसतो. खऱ्या इंजिनाचा व्यास १.४ मीटर, तुमचा साडेतीन सेंटीमीटर. पंखा तीन पात्यांचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेसात सेंटीमीटर.

पंख दोन वेगळे करा. प्रत्येकी साडेबारा सेंटीमीटर लांब, बुडाशी सहा, टोकाशी तीन, आणि टोक गोलसर. आत धांड्याच्या गाभ्याच्या फाका घालून वर कागद ओढला की पंखाला पोट येतं. ते धडाच्या खालच्या अंगाला लावा, टोकं किंचित वर उचललेली. चाकांना कोटाची मोठी बटणं. हॉकची एक गंमत सांगतो. त्याची चाकं मागे दुमडताना ९० अंशांत फिरायची आणि पंखात आडवी निजायची. ते यंत्र करत बसू नका, चाकं बाहेरच ठेवा. वैमानिकाच्या जागेवरची काच औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटातल्या पारदर्शक फुग्यापासून होते. आत वैमानिकाचं डोकं म्हणून हरभऱ्याचा एक दाणा, प्रमाणात बरोबर बसतो!

आईबाबांसाठी एक ओळ. ब्लेड आणि सुई तुमच्यासमोरच हाताळली जावी. आणि "अभ्यास सोडून हे काय" म्हणण्याआधी त्या कागदावर किती गुणाकार-भागाकार झालेत ते एकदा मोजा.

रंग पोस्टरचे चालतील. वरून मातकट तपकिरी आणि गडद हिरव्याचे वळणदार पट्टे, खालून फिकट आकाशी. इथवर सोपं होतं. आता येते खूण, आणि इथे प्रत्येकाचा हात थांबतो. प्रत्येकाला तिथे तिरंगा काढावासा वाटतो. वाटणारच! पण केशरी-पांढरी-हिरवी गोल खूण आपल्या विमानांवर स्वातंत्र्यानंतर आली. फेब्रुवारी १९४२ मध्ये आपल्या हवाईदलाच्या विमानांवर इंग्रजांचीच खूण होती, लाल ठिपका, पांढरं कडं, निळं कडं, धडावर त्याबाहेर पिवळं. (पुढे १९४३ पर्यंत तो लाल ठिपका काढून टाकला, कारण जपानी विमानांवरही लाल गोळा असे आणि लढाईच्या घाईत गफलत व्हायची.) आपण बदललीय एकच गोष्ट, एका परवानगीची तारीख. तेवढ्याने देश स्वतंत्र होत नाही. तेव्हा धडावर साधारण रुपयाच्या नाण्याएवढी गोल खूण काढायची आणि ती इंग्रजांचीच.

मन नाराज झालं ना? पण त्या नाराजीतच खरी गोष्ट दडलीय. खऱ्या तारखा बघा. ३१ जुलै १९४२ ला बंगळुरात हॉक उडालं. त्यानंतर आठव्या दिवशी, ८ ऑगस्टला, मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला. आणखी आठ दिवसांनी आपल्या विदर्भात आष्टी आणि चिमूरला गोळीबार झाले. आणि त्याच ऑगस्टमध्ये बिहारकडे सरकारने जमावावर विमानातून मशीनगन चालवली, ते सरकारने स्वतः कबूलही केलं. आता सांगा, आपल्या जर-तरमध्ये बंगळुरात डझनभर लढाऊ विमानं जास्त आहेत. ती हुकूम कुणाचा पाळतील? वालचंदांचा? कारखान्यातल्या कामगारांचा? नाही. ज्याची खूण पंखावर, त्याचा.

आणि तरी त्यात बसलेला वैमानिक आपला, त्याच्या विमानाची देखभाल करणारे आपले. त्या काळी जमिनीवरच्या या मंडळींना 'हवाई सिपाही' म्हणत. जपानी बॉम्ब रंगूनवर पडलेले त्यांना दिसत होते, आणि घरी भाऊ तुरुंगात गेल्याचं पत्रही येत असेल. लढावं की सोडून यावं? घरी हा प्रश्न आजोबांना विचारून बघा. एकच उत्तर मिळेल असं मला वाटत नाही.

म्हणून तिरंग्याचं हॉक करायचंच असेल तर वेगळं जर-तर घ्या, आणि त्याची तारीख १९४७ नंतरची लावा. तेव्हा मात्र आपल्याकडे टेम्पेस्ट आणि स्पिटफायर होती, मग जुनं हॉक कशाला कुणी उडवेल, याचं कारण तुम्हालाच शोधावं लागेल. सापडलं तर मला कळवा, मला सापडलेलं नाही.

शेवटचं काम चिठ्ठीचं. शाळेच्या प्रदर्शनात मॉडेल ठेवाल तेव्हा खाली चिठ्ठी हवीच. नाहीतर कुणीतरी वहीत लिहून नेईल, "ब्रह्मदेशात भारतीय हॉक लढली", आणि पुढच्या वर्षी ते भाषणात येईल. चिठ्ठीचे दोन भाग करा. काळ्या शाईत खरं : हिंदुस्तान एअरक्राफ्ट, डिसेंबर १९४०, पहिलं हॉक, ३१ जुलै १९४२, टौंगूला लायसँडर. लाल शाईत मानलेलं : परवानगी एक वर्ष आधी, नंबर १ स्क्वाड्रनला बारा हॉक, फेब्रुवारी १९४२. खाली तुमचं नाव. आणि गाव लिहाल ते विमानाच्या काळातलं लिहायचं असेल तर जिल्हा वाशिम नको बरं, "जिल्हा अकोला, मध्यप्रांत व वऱ्हाड" असं लिहा. शेपटीजवळचा विमानाचा क्रमांक तेवढा तुमच्या मर्जीचा. दोन अक्षरं, तीन आकडे अशी तेव्हाची पद्धत होती. तुमचा हजेरीचा नंबर घातलात तरी कुणी हरकत घेणार नाही.

विमान पुरतं वाळलं की वर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात द्या, रंग हाताला लागत नाही. मग दोऱ्याने आढ्याला टांगा, फळीवर ठेवू नका. खळ उंदरांना फार आवडते, आणि त्यांना १९४२ काय अन् आज काय, सगळं सारखंच.